आडात फेज सोडले तर? विषाणू जिवाणूला चिकटतो त्याचं गणित

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात बॅक्टेरियोफेजचं थर्माकोलचं मॉडेल ठेवलं की खेड्यावरून आलेल्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो: "सर, मंग हे आडात टाकलं तर पाणी साफ होतंय का?" प्रश्न रास्त आहे. फेज म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू. माणसाच्या पेशींना तो शिवत नाही. पाण्यातून होणाऱ्या जुलाब-हगवणीमागे बऱ्याचदा जिवाणूच असतात. मग ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीवर जाताना टीसीएल (ब्लीचिंग) पावडर का नेतो, फेजची बाटली का नाही?

"अजून संशोधन चालू आहे" हे या प्रश्नाचं गुळमुळीत उत्तर झालं. खरं उत्तर गुणाकार-भागाकारात निघतं, आणि ते काढायला एकच गोष्ट माहीत हवी: फेज जिवाणूला चिकटायला किती वेळ लावतो.

चित्रांत आणि व्हिडिओंत टी-४ फेज (ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला मारणारा) दिसतो तो जिवाणूवर आधीच उतरून बसलेला, सहा पाय फाकवून. तिथून पुढची गोष्ट सगळेच सांगतात: डीएनए आत सोडतो, ३७ अंशांना पंचवीसेक मिनिटांत पेशी फुटते, शंभराच्या वर नवे फेज बाहेर पडतात. उतरण्याआधी काय झालं ते मात्र कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते अर्धा विषय तिथेच आहे. (फेज म्हटलं की गंगाजलही निघतंच. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात असं नोंदवलं. ते कशाने मरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. फेजचा शोध ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि द'हेरेल यांनी १९१७ मध्ये लावला. गंगाजलातला मारेकरी फेजच होता का, हा वाद आज बाजूला ठेवू.)

डोळ्यांवर पट्टी

टी-४ ला डोकं आहे, शेपटी आहे, पाय आहेत, पण चालायला काहीही नाही. त्याची सगळी लांबी एका मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाएवढी. इतक्या लहान वस्तूला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी सारखे ढकलत असतात आणि ती वेडीवाकडी भरकटत राहते. यालाच ब्राउनियन हालचाल म्हणतात. फेजला जिवाणूचा वास येत नाही की तो दिसत नाही. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी बांधलेल्या पोराची असते तीच गत. अंगणात गडी दाट असतील तर हात लवकर लागतो, चार गडी मोठ्या पटांगणात पांगले असतील तर पोरगं संध्याकाळपर्यंत चाचपडत राहतं. आणि पट्टी बांधलेली पोरं दुप्पट केली, तर मिनिटाला होणारे स्पर्शही दुप्पट होतात.

गणितात हे एका ओळीत येतं:

एका मिनिटात चिकटणारे फेज = क × जिवाणूंची घनता × मोकळे फेज

घनता म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती जिवाणू ते. 'क' हा स्थिरांक, आणि सगळी गंमत त्याच्यात आहे. पुस्तकात त्याचं एकक 'मिलिलिटर प्रति मिनिट' असं दिलेलं असतं. विद्यार्थी ते पाठ करतात आणि पुढे जातात. जरा थांबून बघा: मिलिलिटर हे आकारमान आहे. म्हणजे प्रत्येक जिवाणू दर मिनिटाला आपल्याभोवतीचं ठरावीक पाणी फेजपासून झाडून साफ करतो, आणि क म्हणजे त्या झाडलेल्या पाण्याचं माप. ई. कोलाय आणि टी-४ या जोडीसाठी, चांगल्या परिस्थितीत, हे माप साधारण एका मिलिलिटरचे ४० कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढं येतं. ऐकायला नगण्य वाटतं. पण ई. कोलायची पेशी सुमारे एक घन मायक्रोमीटरची असते आणि हा एक भाग अडीच हजार घन मायक्रोमीटरचा आहे. म्हणजे जागचा न हलणारा जिवाणूसुद्धा मिनिटाला आपल्या अंगाच्या अडीच हजार पट पाणी झाडतो. खरं तर तो काहीच करत नाही, फेजच भरकटत येऊन त्याच्या अंगावर आदळतात.

आता आकडे घालू. एका मिलिलिटरमध्ये १० कोटी जिवाणू घेतले (प्रयोगशाळेत वाढणाऱ्या कल्चरमध्ये एवढे सहज असतात), तर सगळे मिळून मिनिटाला पाव मिलिलिटर पाणी झाडतात. म्हणून पहिल्या मिनिटाला पाव फेज जातील आणि चार मिनिटांत सगळे संपतील, असं वाटतं. तसं होत नाही. झाडलेल्या पाण्यात शेजारचे मोकळे फेज पुन्हा येऊन मिसळतात, त्यामुळे दर मिनिटाला उरलेल्यांतला ठरावीक हिस्सा जातो, ठरावीक संख्या नव्हे. दोन मिनिटांनी १०० पैकी ६१ उरतात, चार मिनिटांनी ३७, सहाव्याला २२, दहाव्याला ८, आणि विसाव्या मिनिटाला शंभरात एकही नाही, ०.६७. निम्मे व्हायला दर वेळी तेवढाच वेळ लागतो: २.८ मिनिटं. सेमी-लॉग कागदावर (उभ्या अक्षावरची प्रत्येक पायरी दहापटीची असते तो) हे बिंदू एका सरळ रेषेत उतरतात. ती रेषा जितकी तीव्र उताराची तितका क मोठा.

घनता दहापटीने कमी केली की वेळ दहापटीने वाढतो, बाकी काही बदलत नाही. मिलिलिटरला एक कोटी जिवाणू असतील तर निम्मे फेज चिकटायला २८ मिनिटं लागतात, एक लाख असतील तर ४६ तास. हे प्रमाण लक्षात असू द्या, विहिरीपाशी तेच लागणार आहे.

घड्याळ थांबवायचं कसं

हे मोजतात कसं ते बघण्यासारखं आहे, कारण मोजण्याची पद्धतच उत्तर बदलते. ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये जिवाणूंचं कल्चर असतं. त्यात फेज टाकायचे, तेही जिवाणूंपेक्षा खूप कमी, शंभर जिवाणूंमागे एखादा. टाकल्याबरोबर घड्याळ सुरू. दर दोन मिनिटांनी पिपेटने ०.१ मिलिलिटर उचलायचं आणि ९.९ मिलिलिटर थंड ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पातळ खाद्यात) सोडायचं. त्यात आधीच क्लोरोफॉर्मचे थोडे थेंब घातलेले असतात. नळीच्या तळाशी क्लोरोफॉर्मचा जड, चमकदार मणी बसलेला दिसतो. नळी जोरात हलवली की तो फुटून ब्रॉथ दुधाळ होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसतो.

इथे घड्याळ दोन प्रकारे थांबतं. नमुना शंभरपट पातळ झाल्याने जिवाणूंची घनता शंभर पटीने उतरते, आणि निम्मं व्हायचा वेळ २.८ मिनिटांवरून साडेचार तासांच्या वर जातो. नव्याने चिकटणं जवळपास बंद. दुसरीकडे क्लोरोफॉर्म जिवाणूंना मारतो. ज्यांच्यावर फेज बसून डीएनए आत गेलेला आहे ते जिवाणू त्या फेजसकट बाद होतात. मोकळ्या टी-४ ला क्लोरोफॉर्मने काही होत नाही. आता हे द्रावण ताज्या जिवाणूंबरोबर मऊ आगरमध्ये (जेलीसारख्या पदार्थात) मिसळून प्लेटवर ओतायचं. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधी थरात स्वच्छ गोल भोकं दिसतात. त्यांना प्लाक म्हणतात. साधारण एक प्लाक म्हणजे एक मोकळा फेज. प्लेट उजेडासमोर धरून, मागून मार्करने टिंबं देत मोजायचे. कंटाळवाणं काम आहे, त्याला पर्याय नाही.

एक पथ्य: सगळं पहिल्या दहाएक मिनिटांत उरकायचं. टी-४ मध्ये बाराव्या मिनिटाच्या आसपास पेशीच्या आत नवे फेज तयार व्हायला लागतात. त्यानंतर क्लोरोफॉर्म टाकला तर पेशी फुटून तेही बाहेर येतात आणि मोकळे म्हणून मोजले जातात.

पातळ करून घड्याळ थांबवायची युक्ती एलिस आणि डेलब्रुक यांनी १९३९ मध्ये फेजच्या वाढीवरच्या प्रसिद्ध प्रयोगात वापरली. चिकटण्याचं गणित मात्र त्याच्या आधीचं. क्रूगर यांनी १९३१ मध्ये जिवंत आणि मेलेल्या, दोन्ही जिवाणूंवर फेज कसे चिकटतात ते मोजलं. मेलेल्या जिवाणूलाही फेज चिकटतो, ही गोष्ट आजही ऐकणाऱ्याला दचकवते. पुढच्याच वर्षी माक्स श्लेसिंगर यांनी त्यात भौतिकशास्त्र आणलं: भरकटणारे कण एकमेकांना किती वेगाने भेटतात याचं स्मोलुखोव्स्की यांचं जुनं सूत्र फेजला लावलं.

त्या सूत्राप्रमाणे क ची कमाल मर्यादा दोनच गोष्टींवर ठरते: फेज किती झपाट्याने भरकटतो आणि जिवाणूची त्रिज्या किती. भरकटण्याचा वेग साधारण पाच चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद आणि जिवाणूची सरासरी त्रिज्या ०.७ मायक्रोमीटर धरा, दोन्हींच्या गुणाकाराला ४π ने गुणा, सेकंदाचं मिनिट करा. उत्तर सुमारे २,६०० घन मायक्रोमीटर. वर प्रयोगातून आलेला आकडा अडीच हजार होता. म्हणजे टी-४ भौतिकशास्त्र देईल तेवढ्या कमाल वेगाच्या जवळपास चिकटतो. मला हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा विश्वास बसला नव्हता, कारण जिवाणूच्या सगळ्या अंगावर काही फेज बसायच्या जागा नसतात. फेज ठरावीक प्रथिनांना किंवा ठरावीक शर्करेच्या साखळ्यांनाच धरतो. मग बाकीच्या ठिकाणी आदळलेले फेज वाया कसे जात नाहीत?

उत्तर बर्ग आणि पर्सेल यांनी १९७७ मध्ये दिलं. भरकटणारा कण एकदा पृष्ठभागाजवळ पोचला की लगेच दूर जात नाही. तो तिथेच घुटमळतो, परत परत आदळतो, दर वेळी थोड्या वेगळ्या जागी. म्हणून एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीवर एकेका नॅनोमीटर त्रिज्येचे सुमारे तीन हजार ठिपके असले तरी कमाल वेगाच्या निम्मा वेग मिळतो, आणि एवढे ठिपके पेशीच्या अंगाचा हजारावा भागही व्यापत नाहीत.

विहिरीचा हिशेब

आता आडाकडे जाऊ. पाच मीटर व्यासाची विहीर, पाच मीटर पाणी. साधारण एक लाख लिटर. पाणी चांगलंच दूषित आहे असं धरू: १०० मिलिलिटरमध्ये हजार ई. कोलाय, म्हणजे मिलिलिटरला दहा. (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय चालवून घेत नाही.) डोळ्याला हे पाणी स्वच्छच दिसणार. जिवाणूंमुळे पाणी गढूळ दिसायला मिलिलिटरला कोटीभर तरी लागतात.

मिलिलिटरला दहा जिवाणू असताना निम्मे फेज चिकटायला किती वेळ? तेच सूत्र, तोच क. उत्तर येतं सुमारे ५३ वर्षं. उन्हात, चिखलात, पाण्यातल्या इतर गोष्टींत फेज त्याच्या कितीतरी आधी निकामी होतो.

"पण फेज वाढतात ना, एकाचे शंभर होतात ना?" होतात, पण जिवाणू सापडला तर. फेज दिवसाला निम्मे निकामी होतात आणि एका जिवाणूतून शंभर बाहेर पडतात असं धरलं, तर फेजची संख्या टिकायला मिलिलिटरला सुमारे दोन हजार जिवाणू लागतात. त्याखाली फेजच्या जमाखर्च खात्यात खर्चच जास्त. आपल्या विहिरीत त्याच्या दोनशेव्या भागाएवढे जिवाणू आहेत. शेरास सव्वाशेर असणारा शत्रूसुद्धा गाठ पडल्याशिवाय काय करणार?

हेच समीकरण जिवाणूच्या बाजूने वाचा, म्हणजे दुसरी वाट दिसते. फेजने किती वाट बघायची हे जिवाणूंच्या घनतेवर ठरतं, तसं जिवाणूला किती अवधी मिळणार हे फेजच्या घनतेवर ठरतं. फेजच मिलिलिटरला १० कोटी केले, तर जिवाणू दहा असोत की दहा हजार, त्यातल्या निम्म्यांवर तीन मिनिटांत फेज बसेल. म्हणजे वाढीच्या भरवशावर न राहता फेजचा पूर आणायचा. फेज थेरपीच्या (फेज देऊन जिवाणूंचा रोग बरा करण्याच्या) गणितात हा भेद पेन आणि यान्सेन यांनी २००१ मध्ये नीट मांडला: फेज स्वतः वाढून काम करतात ती एक रीत, आणि फेजनी बुडवून टाकायचं ती दुसरी. दोन्हींचे उंबरठे वेगळे असतात. एका रीतीचा डोस दुसरीच्या अपेक्षेने दिला की प्रयोग फसतो.

मग आणू विहिरीत पूर. एक लाख लिटर म्हणजे दहा कोटी मिलिलिटर, प्रत्येकात दहा कोटी फेज: एकावर सोळा शून्यं. प्रयोगशाळेत दाट केलेल्या फेजच्या द्रावणात मिलिलिटरला साधारण एक हजार कोटी फेज असतात. भागाकार केला की १,००० लिटर द्रावण लागतं. एका विहिरीला. एका वेळेला. पाण्याच्या टँकरसारखा फेजचा टँकर. आणि ते फेज ई. कोलायच्या ज्या वाणावर वाढवले त्यालाच आणि फार तर त्याच्या काही भावकीला मारणार. शेजारून कॉलऱ्याचा जिवाणू गेला तर त्याला हातही लावणार नाहीत.

त्याच विहिरीला चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर लागते सुमारे पाव किलो, हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने. तासभर थांबायचं, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) करायची, नळीत पिवळा रंग आला की झालं. क्लोरीन कोणाचं नावगाव विचारत नाही. त्याचा रेणू फेजपेक्षा इतका लहान आणि संख्येने इतका प्रचंड असतो की गाठ पडण्याचा प्रश्नच उरत नाही. मी फेजवर शिकवतो, शिकवत राहीन, पण विहिरीच्या बाबतीत जलसुरक्षकाची बादलीच बरोबर आहे.

रेषा वाकते तिथे

आतापर्यंतचं मॉडेल एकाच स्थिरांकावर चाललं. पहिल्या काही मिनिटांत ते झकास बसतं. पुढे बिंदू रेषेच्या वर राहायला लागतात. दहाव्या मिनिटाला ८ टक्के उरायला हवेत आणि प्लेटवर त्याहून जास्त दिसतात. विद्यार्थी अशा वेळी शेवटचे बिंदू 'एरर' म्हणून गाळतात. माझं म्हणणं असं की प्रयोगातली खरी माहिती त्याच बिंदूंत असते.

पहिलं कारण: चिकटणं ही एक घटना नसून दोन आहेत. फेज आधी टेकतो, मग रुततो. टी-४ चे लांब पाय जिवाणूच्या अंगाला हलकेच धरतात. ही पकड सुटू शकते. पाय नीट बसले की आखूड पाय खाली उतरून घट्ट धरतात, शेपटीचं आवरण आकुंचन पावतं आणि आतली नळी भिंतीत घुसते. यातून परत फिरणं नाही. १९५२ मध्ये स्टेंट आणि वोलमन यांनी ही दोन पायऱ्यांची कल्पना मोजमापांवरून मांडली. खूण साधी होती. जिवाणूंची घनता वाढवत नेली की चिकटण्याचा वेग वाढायला हवा, तो एका मर्यादेनंतर वाढेना. टेकणं झटपट होत होतं, रांग लागत होती ती रुतण्यापाशी, आणि रुतण्याला शेजारी किती जिवाणू आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं.

म्हणून मॉडेलमध्ये तीन कप्पे करायचे: मोकळे, टेकलेले, रुतलेले. पहिल्यातून दुसऱ्यात जायचा एक वेग, दुसऱ्यातून परत पहिल्यात यायचा एक, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचा एक. टेकलेल्या दहांतले सहा सुटत असतील आणि चार रुतत असतील, तर एकूण क हा टेकण्याच्या क च्या ४० टक्के होतो. वर म्हटलं की मोजण्याची पद्धत उत्तर बदलते, ते इथे कळतं. क्लोरोफॉर्मऐवजी सेंट्रिफ्यूज वापरलं, तर नुसते टेकलेले फेजही जिवाणूंबरोबर तळाशी जातात आणि 'चिकटले' म्हणून मोजले जातात. पातळ करायच्या पद्धतीत तेच फेज सुटून 'मोकळे' म्हणून मोजले जातात. दोन लॅबच्या क मध्ये तफावत आली तर आधी हे विचारावं, मग भांडावं.

दुसरं कारण: सगळे जिवाणू सारखे नसतात. लॅम्डा नावाचा फेज ई. कोलायवरच्या ज्या प्रथिनाला धरतो, ते जिवाणूने माल्टोज ही साखर आत घेण्यासाठी बनवलेलं असतं. माल्टोजवर वाढवलेल्या जिवाणूवर हे दरवाजे भरपूर असतात. ग्लुकोज दिलं की जिवाणू ते बनवणं आखडतं घेतो, आणि क कोसळतो. फेज तोच, जिवाणू तोच, फक्त जेवण बदललं. एकाच नळीत काहींवर भरपूर दरवाजे आणि काहींवर अगदी थोडे असतील, तर वक्राचा पहिला भाग तीव्र आणि पुढचा सपाट होतो. डेलब्रुक यांनी १९४० मध्येच दाखवलं होतं की जिवाणू वाढत्या अवस्थेत आहे की सुस्त पडलेला, यावर चिकटण्याचा वेग बराच बदलतो.

तिसरं कारण फेजमध्येच: काही फेजचे पाय मोडलेले असतात, काहींचे घडी घालून बसलेले असतात. टी-४ च्या काही वाणांना तर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिळाल्याशिवाय पाय उलगडता येत नाहीत.

क्षारांचं राहिलंच. फेज आणि जिवाणू दोघांच्या अंगावर बहुधा ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मॅग्नेशियम, कॅल्शियमचे आयन मध्ये पडून हे वैर कमी करतात. लॅम्डाच्या प्रयोगात म्हणूनच मॅग्नेशियम सल्फेट घालतात. आमच्याकडे काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी इतकं जड की भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, म्हणून एकाने विचारलं होतं की मग तेच का वापरू नये. क्षार किती, ते बोअरबोअरला आणि महिन्यामहिन्याला बदलतं. डिस्टिल्ड पाण्यात मोजून घाला.

पानावर

पाणी नीट ढवळलेलं आहे, सगळीकडे सगळं सारखं पसरलेलं आहे, हे या सगळ्या गणितातलं न बोललेलं गृहीतक. परीक्षानळीत ते चालतं. डाळिंबाच्या पानावर चालत नाही.

डाळिंबावरचा तेल्या हा झँथोमोनास जातीच्या जिवाणूचा रोग. तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, बाग काढायची वेळ येते. याच कुळातल्या जिवाणूंमुळे टोमॅटो आणि मिरचीवर पडणाऱ्या ठिपक्यांविरुद्ध अमेरिकेत २००५ मध्ये फेजच्या फवारणीला नोंदणी मिळाली. विहिरीत जे परवडत नाही ते पानावर परवडू शकतं, कारण भिजवायचं पाणी थोडं आहे. फवाऱ्यात मिलिलिटरला दहा कोटी फेज ठेवले आणि क वरचाच धरला, तर पानावर उघड्या बसलेल्या जिवाणूला तीन मिनिटांत गाठता येतं. अडचण पुढची. थेंब वाळला की भरकटणं संपलं. कोरड्या पानावर फेज जिथे आहे तिथेच. त्यात उन्हातले अतिनील किरण फेज झपाट्याने निकामी करतात. म्हणून टोमॅटोवरच्या प्रयोगांत संध्याकाळची फवारणी सकाळपेक्षा सरस ठरली, आणि साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळल्यावर फेज पानावर जास्त टिकले. पण जे जिवाणू पानाच्या आत शिरून डाग पाडून बसलेत, त्यांच्यापर्यंत कुठलाच फेज भरकटत जात नाही. त्यांच्यासाठी घनता कितीही वाढवा, क शून्य.

मॉडेलमध्ये हे आणायचं तर पान, थेंब, वाळणं, ऊन यांचे वेगळे कप्पे करावे लागतात. जिवाणूंची वाढ आणि फेज आत शिरल्यापासून पेशी फुटेपर्यंतचा विलंब धरणारी समीकरणं १९६१ मध्ये कॅम्बेल यांनी आणि १९७७ मध्ये लेविन, स्ट्यूअर्ट, चाओ यांनी मांडली. आजची बहुतेक मॉडेलं त्यांचीच वंशज आहेत. त्या प्रत्येकात चिकटण्याची ती एक ओळ जशीच्या तशी बसलेली दिसते.

करून बघायचं असेल तर एक्सेलची शीट पुरे. पहिल्या ओळीत मोकळे फेज १० लाख, टेकलेले शून्य, रुतलेले शून्य. प्रत्येक पुढची ओळ मिनिटाचा दहावा भाग. मोकळ्यांतून टेकण्याचा वेग वजा, सुटण्याचा वेग अधिक, असं खाली ओढत न्या आणि उभा अक्ष लॉग करा. सुटण्याचा वेग शून्य ठेवला आणि रुतणं खूप जलद केलं की सरळ रेषा येते. रुतणं मंद करून सुटणं वाढवलं की ती डोळ्यांदेखत वाकते. मग आपल्या प्लेटवरचे आकडे त्यावर टाका आणि कुठे जुळत नाही ते बघा.

आणि जर्नलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहू नका. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांखाली जातो आणि मेमध्ये दुपारी ४० च्या वर, आणि लाइट गेली की इन्क्युबेटरही खोलीच्या मागे जातो. थंडीत फेज टेकतात, पण रुतणं मंदावतं. मे आणि डिसेंबरचे आकडे एका रेषेत बसवायला गेलात तर बसणार नाहीत. नळीत थर्मामीटर बुडवा आणि तो जे दाखवेल ते लिहा.